उंची मोजण्याआधी चेंडू द्या

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत 10, 12 आणि 14 वर्षांखालचे फुटबॉल संघ निवडणारे प्रशिक्षक, निवडकर्ते, अकादमीचालक आणि शाळांचे क्रीडाशिक्षक यांस,

विषय: लहान वयोगटांतली निवड उंची, ताकद आणि धावण्यावरून करण्याची पद्धत थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी ऐरोलीत लहान मुलामुलींना फुटबॉल शिकवते. तुमच्यापैकी अनेकांशी मैदानावरची ओळख आहे, काहींच्या संघांशी माझ्या मुलांचे सामने झालेत, आणि तुमच्यातले कित्येक जण माझ्याहून जास्त खेळलेले, जास्त शिकलेले आहेत. तरीही हे जाहीरपणे लिहिते आहे, कारण सामना संपल्यावर कडेला उभं राहून बोलायचा हा विषय आता राहिलेला नाही. पाऊस ओसरला की शाळांचे, अकादम्यांचे आणि जिल्ह्याचे संघ ठरतात. कुणाला घ्यायचं हे तुम्ही ठरवता. ज्यांना घरी पाठवता त्यांच्यातली बरीच मुलं पुन्हा बूट घालत नाहीत, हे मी दर हंगामात बघते.

माझी मागणी सरळ आहे. तेरा-चौदा वर्षांपर्यंत मुलाला चेंडूवरून निवडा. त्याचा पहिला टच, म्हणजे आलेला चेंडू पायात घेणं, कसं आहे, दोन्ही पाय चालतात का, चेंडू यायच्या आधी तो मान वळवून बघतो का, अंगावर कुणी आलं की घाबरून लांब मारतो की वळून जागा काढतो, हे बघा. उंची, वेग, ताकद, दमसास यांचं महत्त्व मी नाकारत नाही. पण त्या वयात या गोष्टी स्थिर नसतात, आणि त्यांच्यावरून केलेली यादी दोन वर्षांत खोटी ठरते.

गेल्या हंगामात एका निवड चाचणीला मी माझ्याकडची काही मुलं घेऊन गेले होते. ठिकाण सांगत नाही, कारण हे एकाच ठिकाणी घडत नाही. मुलं बारा वर्षांखालची. आधी सगळ्यांची उंची आणि वजन लिहून घेतलं. मग 30 मीटरची धाव, मग शटल रन, म्हणजे दोन खुणांमधली ये-जा धाव. तिथेच निम्मी मुलं बाजूला काढली. उरलेल्यांचा अकरा-अकराचा सामना लावला, तोही मोठ्यांच्या पूर्ण मैदानावर आणि मोठ्यांच्या गोलपोस्टसमोर. 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच गोलमध्ये साडेचार फुटांचा गोलकीपर उभा. वरून मारलेला कुठलाही चेंडू गोल होणार हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या लक्षात आलं. मग ज्याला लांब मारता येतं तो मारत राहिला, आणि ज्याला जोरात पळता येतं तो चेंडूमागे पळत राहिला.

मधल्या फळीत आठ नंबरचं बिब (जर्सीवर घालायचं बिनबाह्यांचं जाकीट) घातलेला एक मुलगा होता. माझ्याकडचा नव्हे, कळव्याहून आलेला. धावण्याच्या चाचणीत तो कसाबसा तरला होता. बिब जवळजवळ गुडघ्यापर्यंत येत होतं. चेंडू त्याच्याकडे निघाला की तो एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघायचा, एकदा उजव्या. चेंडू घेताना अंग अर्धं वळवलेलं असायचं, त्यामुळे पहिल्याच टचनंतर त्याचं तोंड समोरच्या गोलकडे व्हायचं. एकदा मागून एक जण धावत आला, तर याने चेंडू पायाला न लावता दोन पायांमधून जाऊ दिला आणि त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून गेला. हे त्याला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. पण सगळ्या सामन्यात चेंडू त्याच्याकडे फार तर पाच-सहा वेळा आला, कारण एरवी तो त्याच्या डोक्यावरूनच जात होता. एकदा एका थोराड मुलाचा खांदा लागला आणि तो आडवा झाला. कडेच्या टेबलावर कुणीतरी कागदावर काहीतरी लिहिलं.

यादीत आठ नंबर नव्हता. मी विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, पोरगा चांगला आहे, पण अंगात काहीच नाही. जरा वाढला की आणा पुढच्या वर्षी." मी तो कागद पाहिला. उंची, वजन, वेग, स्टॅमिना, शूटिंग असे रकाने होते. चेंडू येण्याआधी मुलगा काय करतो, यासाठी रकानाच नव्हता. मुलाला पारखणारी नजर त्या टेबलावर होती, हे "पोरगा चांगला आहे" या शब्दांतच दिसतं. कागदाने त्या नजरेला जागा दिली नाही.

ही आधी बघण्याची सवय किरकोळ नाही. नॉर्वेचे संशोधक गेअर यॉर्देत यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या मधल्या फळीतल्या खेळाडूंवर रोखलेल्या कॅमेऱ्यांची दृश्यं तपासली. जे खेळाडू चेंडू मिळण्याआधी जास्त वेळा आजूबाजूला बघतात, त्यांचे पास जास्त अचूक जातात असं त्यातून दिसलं. ही सवय वयाच्या विसाव्या वर्षी लावायला गेलं तर फार जड जातं. अकराव्या वर्षी ती ज्याला आपसूक लागली आहे, त्याला आपण अंगात काही नाही म्हणून परत पाठवतो.

आता तुमची बाजू. ती मी अनेकदा ऐकली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. आपला देश शरीरात मार खातो, असं तुम्ही म्हणता. 2017च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात दिल्लीत आपण अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2 आणि घानाकडून 0-4 हरलो. घानाच्या सामन्यात तर आपली मुलं प्रत्येक झटापटीत मागे पडत होती. पाच वर्षांनी मुलींच्या विश्वचषकात भुवनेश्वरला अमेरिकेने आपल्याला 8-0, मोरोक्कोने 3-0 आणि ब्राझीलने 5-0 हरवलं. आणि पुरुषांच्या विश्वचषकाच्या कुठल्याही वयोगटात भारताचा जो एकमेव गोल आहे, कोलंबियाविरुद्धचा, तो जिक्सन सिंगचा. उंच मुलगा, कॉर्नरवरून हेडर. यातून कुणी म्हणेल की आम्ही उंच मुलं शोधतो ते बरोबरच आहे.

पण त्याच स्पर्धेतला एक सामना आपल्या दाराशी झाला. 25 ऑक्टोबर 2017, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, माली विरुद्ध स्पेन, उपांत्य फेरी. तुमच्यातले बरेच जण तिथे होते, मीही होते. मालीची मुलं ताकदीने, वेगाने, उडीने स्पेनपेक्षा कितीतरी पुढे होती आणि त्यांनी स्पेनच्या गोलवर फटक्यांचा मारा केला. त्यांचा एक फटका आडव्या दांड्याला लागून रेषेच्या आत पडला आणि तरी गोल दिला गेला नाही, असंही अनेकांचं म्हणणं होतं. त्यामुळे मालीची हळहळ रास्त होती. पण सामना स्पेनने 3-1 जिंकला. स्पेनच्या मुलांना दाटीत चेंडू मिळाला की ती दाटीतून बाहेर यायची. धक्का बसायच्या आत चेंडू पुढे गेलेला असायचा, त्यामुळे ताकदीचा प्रश्नच कमी वेळा यायचा. आबेल रुईझचे दोन गोल होते आणि एक फेरान टोरेसचा. टोरेस पुढे स्पेनच्या मोठ्या संघात आला.

तीन दिवसांनी कोलकात्यात हाच स्पेन इंग्लंडकडून 5-2 हरला, तेही 2-0 पुढे असताना. इंग्लंडच्या त्या संघात ताकद होती, वेग होता, आणि त्याच्या मध्यभागी होता फिल फोडेन. अंगाने किरकोळ, अंतिम सामन्यात दोन गोल, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. इंग्लंडने शरीर टाकून दिलेलं नव्हतं. 2010च्या विश्वचषकात जर्मनीने त्यांना 4-1 हरवल्यानंतर त्यांनी लहान मुलांचा खेळ बदलला: छोटी मैदानं, छोटे गोल, आधी पाच-पाच, मग सात-सात, मग नऊ-नऊ, आणि त्यानंतरच अकरा. धावपटू त्यांच्याकडे आधीही होते. आता धावपटूंना चेंडूही येऊ लागला.

हाच वाद अमेरिकेतही वर्षानुवर्षं चालतो. आमचे सगळ्यात तगडे खेळाडू बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलकडे जातात, ते इकडे आले असते तर आम्ही जग जिंकलं असतं, असं तिथले लोक म्हणतात. अमेरिकेची लोकसंख्या 30 कोटींच्या वर. ऑक्टोबर 2017 मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगोकडून 2-1 हरून तो देश 2018च्या विश्वचषकाला मुकला. त्याच विश्वचषकाला आइसलँड पात्र ठरला, साडेतीन लाखांच्या आसपास वस्तीचा, तोपर्यंत पात्र ठरलेल्यांत सगळ्यात लहान देश. 2011च्या जनगणनेत एकट्या नवी मुंबई महापालिकेची वस्ती 11 लाखांच्या वर होती. आइसलँडची माणसं धिप्पाड असतात हे खरं, पण ती शंभर वर्षांपूर्वीही धिप्पाडच होती. त्यांनी 2000नंतर दोन गोष्टी केल्या. थंडीत खेळता यावं म्हणून बंदिस्त मैदानं बांधली, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही पात्रता मिळवलेला प्रशिक्षकच शिकवेल असं बघितलं. 2016च्या युरो स्पर्धेत त्यांनी इंग्लंडला 2-1 हरवलं.

"ते गोरे, त्यांची हाडंच वेगळी" हेही मी ऐकलं आहे. मग जपान घ्या. 1993 मध्ये त्यांची व्यावसायिक लीग सुरू झाली, 1998 मध्ये ते पहिल्यांदा विश्वचषकाला गेले, आणि 2022 मध्ये कतारला त्यांनी जर्मनी आणि स्पेन या दोघांनाही 2-1ने हरवलं. उंचीत ते या दोघांच्या पुढे नव्हते. आपण 2023च्या जुलैत फिफाच्या क्रमवारीत 99व्या स्थानावर होतो, 2025 मध्ये 130च्याही पलीकडे घसरलो. आपल्याच सुनील छेत्रीची उंची साधारण 170 सेंटीमीटर आणि भारतासाठी 90हून अधिक गोल. मेस्सीचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण अपवाद म्हणून ते बाजूला टाकता येतं. पण क्रोएशियाच्या लुका मॉद्रिचला लहानपणी तिथल्याच हायदुक स्प्लिट या क्लबने बारीक म्हणून घेतलं नाही. फ्रान्सच्या आंत्वान ग्रीझमनला एकामागून एक फ्रेंच क्लबांनी लहान म्हणून परत पाठवलं आणि तो स्पेनला जाऊन घडला. ही दोघं वाचली. आपल्याकडे परत पाठवलेल्या मुलाला जायला दुसरा देश नसतो, दुसरा क्लबही नसतो.

आता त्या बारा वर्षांच्या शरीराकडे वळते, कारण सगळी चूक तिथे आहे. फुटबॉलचे वयोगट 1 जानेवारीला तोडतात. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतो. बाराव्या वर्षी ही एका वर्षाची तफावत फार मोठी असते, आणि म्हणूनच देशोदेशीच्या कुमार संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर सापडतात. तुमच्या गेल्या यादीतले जन्ममहिने काढून बघा, मला सांगायची गरज पडणार नाही. त्यावर भर म्हणजे वाढीचा वेग. मुलग्यांची उंची साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी झेप घेते, वर्षाला 8 ते 10 सेंटीमीटर. पण कुणाची झेप अकराव्यातच सुरू होते, कुणाची पंधरावं संपेपर्यंत होत नाही. मनगटाचा एक्स-रे काढला तर तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात चार-पाच वर्षांचा फरक निघू शकतो. तुम्ही त्यांना एकाच शटल रनमध्ये उभं करता आणि निकालाला गुणवत्ता म्हणता.

लवकर वाढलेल्या मुलाचंही यात नुकसान होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. बाराव्या वर्षी तो सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच असतो, म्हणून त्याला सेंटर-बॅक, म्हणजे बचावाच्या मध्यभागी उभा केलं जातं आणि सांगितलं जातं, "मार लांब." तो मारतो, संघ जिंकतो, त्याला ट्रॉफी मिळते. दोन पायांनी खेळायची, वळायची, विचार करायची वेळच त्याच्यावर येत नाही. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला येतात आणि त्याच्याकडे काहीच उरत नाही. असे मुलगे मी रस्त्यात भेटते. "काय रे, खेळतोस की नाही?" विचारलं की मान खाली घालतात.

आणि उशिरा वाढणाऱ्याची झेप जेव्हा येते, तेव्हा काही महिने त्याचं शरीर त्याचं ऐकत नाही. पाय लांब झालेले, तोल हललेला, गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं. कालपर्यंत सहज येणारा चेंडू पायातून निसटतो. आपण म्हणतो फॉर्म गेला, आणि नेमकं तेव्हाच त्याला बसवतो. उंची दर तीन महिन्यांनी मोजत असाल, तर हे आधी कळतं. भिंतीवर पट्टी चिकटवा, उभ्याने मोजा आणि स्टुलावर बसवूनही मोजा. पाय आणि धड यांच्या वाढीचं गणित त्यातून निघतं आणि कोण झेपेच्या तोंडावर आहे याचा अंदाज येतो. याला यंत्र लागत नाही, वही लागते.

आपल्या शहरांपुरतं मला सगळ्यात जास्त बोचतं ते वेगळंच आहे. बारा वर्षांच्या मुलाची उंची आणि अंगकाठी केवळ जन्माने येत नाही, ती ताटातूनही येते. घोडबंदर रोडवरच्या संकुलातला मुलगा सरावाआधी केळं आणि दूध घेऊन येतो, सरावानंतर त्याच्यासाठी अंडी उकडलेली असतात. दिघ्याचा, तुर्भे स्टोअरचा, मुंब्र्याचा मुलगा शाळेतल्या खिचडीवर येतो आणि सराव संपल्यावर चालत घरी जातो. दोघांना रांगेत उभं करून अंगावरून निवडलं, तर आपण कुणाच्या घरात काय शिजतं हे मोजतो. गल्लीत प्लॅस्टिकच्या चेंडूने, चपला गोल म्हणून ठेवून, रिक्षा आली की थांबून, तिरप्या उताराच्या काँक्रीटवर जी मुलं खेळतात, त्यांच्या पायात जे आलेलं असतं ते विकत मिळत नाही. शरीर मात्र मिळू शकतं. तीन वर्षं नीट खाणं, झोप आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षानंतर अंगाचा शहाणा सराव, यातून ताकद आणि दमसास दोन्ही येतात. वेग सगळ्यांना सारखा येत नाही, तो बराचसा उपजत असतो, हे मला मान्य आहे. पण मैदानात पहिले तीन मीटर तो जिंकतो ज्याला चेंडू कुठे पडणार हे आधी कळलेलं असतं.

इथे अनेक पालक आणि काही प्रशिक्षकही एक गल्लत करतात. लहानपणी चेंडू म्हणजे रोज दोन तास प्लॅस्टिकच्या शंकूंमधून (कोन) झिगझॅग, असं त्यांना वाटतं. टर्फवर मी असे सराव बघते: वीस मुलं, एक रांग, एक चेंडू, प्रत्येकाला पंधरा सेकंद. म्हणजे पाळी यायला पाच मिनिटं. चाळीस मिनिटांच्या सरावात आठ पाळ्या, एकूण दोन मिनिटं चेंडू पायात. पालकाने महिन्याची फी भरलेली असते ती मुलाला अडतीस मिनिटं रांगेत उभं करण्यासाठी. त्याच टर्फवर तेवढ्याच मुलांचे चार-चार किंवा पाच-पाचचे सामने आडवे लावले, तर प्रत्येक मुलगा सतत चेंडूजवळ असतो, समोर खरा प्रतिस्पर्धी असतो, आणि दर दोन-तीन सेकंदांना त्याला काहीतरी ठरवावं लागतं. जर्मनीने 2024-25च्या हंगामापासून सगळ्यात लहान गटांसाठी दोन-दोन आणि तीन-तीनचे सामने, चार छोटे गोल, गोलकीपर नाही, हे देशभर सक्तीचं केलं. 2014चा विश्वचषक जिंकलेला देश 2018 आणि 2022 मध्ये पहिल्याच फेरीत बाहेर पडला आणि त्यांनी सहा वर्षांच्या मुलांच्या खेळातही दुरुस्ती केली. आपल्या ठाणे-नवी मुंबईत अकरा जणांची मैदानं कमी आणि पाच-पाचची टर्फ प्रत्येक नाक्यावर. मोठं मैदान नाही म्हणून आपण रडतो, पण दहा वर्षांच्या मुलाला मोठं मैदान नकोच आहे.

आणि शरीराचं म्हणाल तर लहान वयात त्याचंही शिक्षण हवंच, पण ते स्टॉपवॉचवर नको. लंगडी, खो-खो, लगोरी, साखळी, झाडावर चढणं. यातून तोल येतो, अचानक थांबणं येतं, दिशा बदलणं येतं, पडून उठणं येतं. आमच्याकडे सरावाची पहिली वीस मिनिटं खो-खो असतो. सुरुवातीला पालक विचारायचे, "मॅडम, फुटबॉल कधी?" खो-खोत पाठलाग करताना मुलगा ज्या पद्धतीने खांदा टाकून चकवतो, तेच तो पुढे चेंडूसकट करतो. आजच्या इमारतींमधल्या मुलांना मोकळं पळायला, पडायला मिळत नाही, आणि त्यांचा अंगाचा कच्चेपणा त्यातून आलेला आहे. त्यावर उपाय म्हणून दहा वर्षांच्या मुलांना टेकडीवर पळवत नेणं आणि जो मागे राहील त्याला कमी लेखणं मला पटत नाही.

हे तुम्हाला माहीत नाही असं मी समजत नाही. प्रशिक्षक म्हणून परवाना घेताना हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. मग होत का नाही? कारण बारा वर्षांखालचा कप जिंकावा लागतो. कप जिंकला की रेल्वे स्टेशनबाहेर फ्लेक्स लागतो, पुढच्या बॅचला प्रवेश वाढतात, टर्फचं भाडं निघतं. थोराड मुलं घेतली की कप मिळतो, या हंगामात मिळतो. तुमच्यावरचा हा ताण मी रोज बघते, आणि एकट्या प्रशिक्षकाला दोष देऊन तो सुटणार नाही हेही जाणते. पण त्याचा शेवट कुठे होतो तेही बघा. अंगावर सामने जिंकता येतात हे एकदा पक्कं झालं की जन्मदाखल्यातला आकडा बदलायला फायदा होतो. वय लपवण्याचा रोग आपल्या खेळाला किती जुना आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फिफा 17 वर्षांखालच्या विश्वचषकाआधी मनगटाचं एमआरआय करते. आपण बाराव्या वर्षी अंगाला बक्षीस देत राहिलो, तर पुढे कितीही तपासण्या केल्या तरी खोटे दाखले येतच राहणार.

मुलींबद्दल थोडंसं. त्यांची उंचीची झेप मुलग्यांच्या दीड-दोन वर्षं आधी येते, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलींच्या चाचणीत काही मुली झेपेच्या मधोमध आणि काही अजून लहान. 30 ऑक्टोबर 2022 रोजी नेरूळलाच स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवून मुलींचा विश्वचषक जिंकला. त्या दिवशी स्टँडमध्ये शाळांतून आणलेल्या कितीतरी मुली होत्या. त्यातल्या ज्यांनी खेळायला सुरुवात केली त्यांना वर्षभरात कुणीतरी "तुला पळता येत नाही" असं सांगून बसवलं असेल, तर ती स्पर्धा इथे भरवून आपण काय मिळवलं, ते तुम्हीच सांगा. जिथे मुलींचा वेगळा संघ होत नाही तिथे बाराव्या वर्षापर्यंत त्यांना मुलग्यांत खेळू द्या. माझ्याकडे खेळतात, काही बिघडत नाही.

2017 मध्ये राज्यभर एकाच दिवशी लाखो मुलांना फुटबॉल खेळायला लावलं होतं. त्या दिवशी आठ वर्षांची असलेली मुलं आता मोठी झाली आहेत. आता राज्य सरकारने 13 वर्षांखालच्या मुलामुलींसाठी महादेवा हा फुटबॉल प्रकल्प सुरू केला आहे, खारघरला सिडकोचं फुटबॉल केंद्र आहे, घणसोलीत एक मोठी निवासी अकादमी आहे. पैसा आणि मैदान यांची तक्रार आपण दहा वर्षांपूर्वी करत होतो तितकी आता करता येणार नाही. तेरा वर्षांखालची निवड म्हणजे बरोबर त्या वयातली निवड, जेव्हा शरीर सगळ्यात जास्त फसवतं. तिथपर्यंत पोहोचणाऱ्या मुलांची पहिली चाळणी तुमच्या हातात असते. तुम्ही बारीक मुलाला गाळलं तर वरच्या कुठल्याही निवडकर्त्याला तो दिसणारच नाही.

म्हणून या हंगामापासून एवढं करा. बारा वर्षांखालच्या कुठल्याही चाचणीत अकरा-अकराचा सामना लावू नका. चार-चार किंवा पाच-पाच लावा, छोटे गोल ठेवा, आणि मुलांना अदलाबदल करून वेगवेगळ्या जोडीदारांसोबत खेळवा. एका सकाळीत निर्णय देऊ नका. तीन वेगवेगळ्या दिवशी बघा; भुकेला, घाबरलेला, उधारीचे बूट घालून आलेला मुलगा तिसऱ्या दिवशी वेगळा दिसतो. धाव मोजायची असेल तर मोजा, पण मुलं निवडून झाल्यावर, त्यांचं काय वाढवायचं आहे हे कळावं म्हणून. बिबवर नंबरासोबत जन्ममहिना लिहा, म्हणजे टेबलावर बसलेल्याला आपण जानेवारी बघतोय की डिसेंबर हे कळेल. आणि प्रत्येक वयोगटात उशिरा वाढणाऱ्यांचा एक दुसरा संघ ठेवा, ज्याला तेच प्रशिक्षक आणि तेवढेच सामने मिळतील. बेल्जियममध्ये फुटबॉल संघटनेने नेमका असा संघ केला आहे. त्यांच्याकडे मुलं आपल्यापेक्षा कितीतरी कमी आहेत, म्हणून एकही गमावणं त्यांना परवडत नाही. इंग्लंडमधल्या काही अकादम्या मधूनमधून वयाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून सामने घेतात. आपण चार अकादम्या एकत्र आलो तर महिन्यातून एका रविवारी हे वाशीत, नेरूळला किंवा ठाण्यात सहज जमेल.

महापालिकांच्या क्रीडा विभागांनाही या पत्राची प्रत पाठवते आहे. सेक्टरांमधली मैदानं संध्याकाळी पाच ते सात मुलांना फी न घेता, कुठल्याही अकादमीच्या नावाशिवाय, नुसतं खेळायला मोकळी ठेवा, अशी विनंती त्यात आहे. प्रशिक्षकाशिवाय, शिट्टीशिवाय, पोरांनी पोरांशी खेळण्याची ती वेळ असावी.

माझ्यासोबत ऐरोली, घणसोली आणि कोपरखैरण्यातले काही प्रशिक्षक तयार आहेत. तुमच्या चाचणीच्या दिवशी आम्ही छोटे गोल, कोन, पट्टी आणि नोंदवह्या घेऊन येऊ, मानधन नको. तारीख निदान आठवडाभर आधी कळवा, आणि मुलांची यादी पाठवाल तेव्हा त्यात उंचीच्या जागी जन्मतारीख लिहा.

आपली,
ऐरोलीतील एक फुटबॉल प्रशिक्षक